एका पानाचा तक्ता

बुधवार, ३ ऑक्टोबर

रोज सकाळी कचेरी उघडायच्या आधी चार ओळी लिहायच्या असं ठरवलंय. बघू किती दिवस टिकतं.

एकवीस वर्षं मी शाळेचं वेळापत्रक केलं. बावीस शिक्षक, चौदा वर्ग, प्रयोगशाळा एकच. पण कुणाचा तास कुणावर आदळू दिला नाही. तेव्हा लढाई सुरू झाल्यावर सैन्याने मला उचललं ते काही बंदूक चालवायला नव्हे. माझ्याकडे एक रस्ता दिलाय. खालच्या डेपोपासून वर डोंगरातल्या आघाडीपर्यंत अठ्ठावन्न किलोमीटर, आणि इतका अरुंद की दोन ट्रक समोरासमोर आले की एकाने निमूट मागे सरायचं. कोणता ट्रक कधी चढणार, कधी उतरणार, याचा तक्ता मी आखतो. सध्या सकाळी साठ गाड्या वर जातात, दुपारी साठ खाली येतात.

मुख्यालय एका रिकाम्या केलेल्या शाळेत आहे, म्हणजे मी पुन्हा शाळेतच. आमचा विभाग विज्ञानाच्या खोलीत बसतो. प्रत्येक टेबलाला नळ आहे, पाणी एकालाही नाही.

आमच्या जनरलसाहेबांना सगळे पाठीमागे 'कारकून' म्हणतात. उगाच नाही म्हणत. काल तोफखान्याचे कर्नल तावातावाने हल्ल्याची योजना घेऊन आले. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली, चष्मा पुसला आणि विचारलं, "गाड्या परत कधी येतात? आणि ड्रायव्हर झोपणार कुठे?" कर्नलचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. लढाई जिंकणारा माणूस म्हणून मी साहेबांना दहापैकी चार गुण देईन. हस्ताक्षराला नऊ.

रविवार, ७ ऑक्टोबर

ठमीचं पत्र आलं. पोरगी चोवीस वर्षांची झाली, दोन वर्षं नर्स आहे, पण मला अजून ठमीच. लहानपणी गोलमटोल होती म्हणून हिने ठेवलेलं नाव. (ही म्हणजे माझी बायको. घरी एकटी असते आणि रोज पोस्टमनची वाट बघते.) ठमीचा दवाखाना रस्त्याच्या अगदी टोकाला, आघाडीच्या मागेच आहे.

लिहिते, "बाबा, इथे कंटाळा येईल इतकं सगळं वेळेवर येतं. सलाईनच्या बाटल्या न फुटता येतात. जखमी सकाळी आला की दुपारच्या गाडीने खाली. मोठे डॉक्टर म्हणतात, आम्ही दवाखाना चालवत नाही, स्टेशन चालवतो."

वाचून छाती फुगली. शेवटी तक्ता माझ्या हातचा आहे. हिला पत्राची नक्कल करून पाठवली आणि खाली लिहिलं, की मी इथे बसलोय तोवर तिची काळजी करू नकोस.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

कारकूनसाहेबांना काढलं. वर्तमानपत्रं महिनाभर मागे लागलीच होती. पाच महिन्यांत आघाडी एक पाऊल पुढे गेली नाही, जनरल नुसती कांबळी मोजत बसतो, वगैरे. आता त्यांना कुठल्याशा डेपोचा कारभार दिलाय.

जाताना ते प्रत्येक खोलीत आले. झाडणाऱ्या बाईंचाही हात हातात घेतला. माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाले, "मास्तर, रस्त्याची फाईल तुमच्याकडे. अकरा पानं आहेत. सातवं नीट वाचा. वरचं मैदान मी स्वतः पावलांनी मोजलंय."

"हो साहेब," म्हटलं. जनरलने मैदान पावलांनी मोजायचं! आमच्या शाळेत हे काम कवायतीचे सर करायचे.

ते गेल्यावर खोलीत कोणीतरी टाळी दिली. सगळे हसले. मीही हसलो, हे लिहून ठेवतो.

सोमवार, १५ ऑक्टोबर

नवे साहेब आले. उंच, देखणे, आवाज असा की शेवटच्या बाकावरच्यालाही झोप लागू नये. मागच्या लढाईत जखमी पायाने टेकडी सर केली होती. मुख्यालयात दोन तासांत त्यांचं नाव 'तलवार' पडलंसुद्धा. पटांगणावर सगळ्यांना जमवून म्हणाले, "बसून बसून तुम्हाला गंज चढलाय. पंधरा दिवसांत आपण खिंडीपलीकडे चहा पिऊ."

मग खोल्यांमधून फिरले. माझ्या टेबलावरची रस्त्याची फाईल उचलून बघितली. "अकरा पानं? मास्तर, जे एका कागदावर मावत नाही ते रणांगणावरही मावत नाही." आणि पाठीवर थाप मारली. एकवीस वर्षांत हेडमास्तरांनी माझ्या पाठीवर हात म्हणून ठेवला नव्हता. दहापैकी नऊ. एक गुण वेळेवर न आल्याबद्दल कापला.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

काल तलवारसाहेबांनी मला एकट्याला बोलावलं. येत्या सोमवारपासून सहा दिवस हल्ला. रस्त्यावरून दुप्पट माल वर गेला पाहिजे. रस्ता रुंद करता येत नाही, मग कसं?

मला क्षणात सुचलं. वार्षिक परीक्षेच्या आधी आम्ही काय करतो? खेळ, चित्रकला, वाचनालय, सगळे तास काढतो आणि गणिताला देतो. परीक्षा झाली की मुलं खेळतील. मी म्हटलं, "साहेब, उतरणीचे तास काढू. सहा दिवस रस्ता फक्त चढणीचा. रोज एकशेदहा गाड्या वर. सातव्या दिवशी, रविवारी, सगळ्या एकदम खाली."

साहेब उठून उभे राहिले. "एवढं सोपं होतं, आणि पाच महिने कुणाला सुचलं नाही!"

"पण वर इतक्या गाड्या उभ्या करायला..."

"तिसऱ्या दिवशी खिंड पडेल, मास्तर. गाड्या उभ्या कशाला राहतील? पुढेच जातील."

दिवसभर बसून तक्ता केला. असा तक्ता मी जन्मात केला नव्हता. एकही रिकामी चौकट नाही. फक्त शेवटी एक ओळ जास्त होत होती आणि ती दुसऱ्या पानावर जात होती. जुन्या फाईलच्या सातव्या पानावरून घेतलेली: 'वरच्या मैदानात अडीचशे गाड्या मावतात; त्यापुढची गाडी रस्त्यावर उभी राहील.' अक्षर बारीक करून पाहिलं, वाचता येईना. मग ती ओळ काढली. खिंड पडल्यावर मैदानाचा प्रश्न येतोच कुठे? मनात जरा खुट्ट झालं, पण कागद इतका सुरेख दिसत होता की पुन्हा हात लावावासा वाटला नाही.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

साहेबांनी सगळ्या अधिकाऱ्यांपुढे कागद वर धरला आणि म्हणाले, "याला म्हणतात काम!" तोफखान्याच्या कर्नलनी माझा हात दाबला.

चार वाजता टेलिफोनवाल्याने मला हाक मारली. वरच्या दवाखान्याचा फोन होता, आणि मागितला होता मला.

"बाबा, मी बोलतेय. एकच मिनिट दिलंय."

"जेवतेस ना वेळेवर?"

"बाबा! अहो, तक्ता आलाय इथे. मोठे डॉक्टर विचारतायत, सहा दिवस खाली एकही गाडी नाही?"

"रविवारी आहेत ना. सकाळी सहापासून. पहिल्या चाळीस तुमच्याच दवाखान्याच्या. बघ, उजव्या कोपऱ्यात."

"बघितलं ते. पण नक्की ना?"

"मी केलाय तो तक्ता, ठमे."

"मग झालं," ती हसली. "सांगते डॉक्टरांना. आमच्या बाबांची घंटा कधी चुकत नाही म्हणावं."

तिचा आवाज जरा बसलाय. सर्दी असणार. हिला कळवायला हवं, म्हणजे ती लोकर पाठवेल.

सोमवार, २२ ऑक्टोबर

हल्ला सुरू. एकशेदहा गाड्या वर, एकही मिनिट न चुकता. दोन चौक्या घेतल्या.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

आणखी एक चौकी. एकशेदहा गाड्या. साहेबांनी सगळ्यांना मिठाई वाटली. संध्याकाळी शिपायापासून कर्नलपर्यंत सगळ्यांनी पटांगणावर गाणी म्हटली. माझा आवाज कुणी ऐकू नये म्हणून मी नुसते ओठ हलवले.

बुधवार, २४ ऑक्टोबर

आज घाईत, कचेरीतच, दुपारी लिहितोय.

अकराला वरून 'दाढी'चा फोन आला. दाढी म्हणजे सगळ्या ड्रायव्हरांचा प्रमुख, तीस वर्षं गाड्याच हाकतोय. म्हणाला, "मास्तर, मैदान भरलं. आता एक्कावन्नाव्या किलोमीटरपासून गाड्या रस्त्यावरच उभ्या करतोय."

"पुढे काढा ना."

"पुढे कुठे? खिंड आहे तशीच आहे. पुढे गोळ्या येतायत. आणि मास्तर, भलतंच झालंय. पुढे कांबळ्यांच्या गाड्या, मागे दारूगोळ्याच्या. तोफा थांबल्यात आणि गोळे कांबळ्यांच्या मागे अडकलेत. वळायला जागा नाही."

"मैदानात किती बसल्या?"

"अडीचशे. एक कमी नाही, एक जास्त नाही. म्हातारा मोजून गेला होता."

फोन ठेवला. तसाच साहेबांकडे गेलो. ते नकाशावर वाकले होते. म्हटलं, रस्ता तुंबतोय. ते म्हणाले, "उद्या खिंड पडते मास्तर, मग आपोआप मोकळा होईल." त्या ओळीचं सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं. सांगितलं नाही.

गुरुवार, २५ ऑक्टोबर

खिंड पडली नाही. सकाळी पुन्हा एकशेदहा गाड्या निघाल्या, कारण तक्त्यात तसं आहे. मी डेपोला फोन करून म्हटलं, थांबवा. डेपोवाले म्हणाले, साहेबांच्या सहीशिवाय तक्ता बदलता येत नाही. साहेबांच्या खोलीत गेलो तर खोली रिकामी. ते पहाटेच आघाडीवर निघून गेले होते. दोन नंबरचे साहेब? तेही त्यांच्याबरोबर. मग सही कोण करणार? मदतनीस कॅप्टन माझ्याकडे बघत राहिला आणि मी त्याच्याकडे.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

तलवारसाहेबांबद्दल खरं ते लिहायला हवं. माणूस शूर आहे. चाळिसाव्या किलोमीटरला त्यांची जीप अडकली तेव्हा ते उतरून चालत निघाले. वरून गोळे पडत असताना ट्रकच्या टपावर उभं राहून ओरडत होते, ड्रायव्हरांच्या खांद्याला खांदा लावून गाड्या ढकलत होते. दाढी फोनवर म्हणाला, "असा जनरल बघितला नाही. पण मास्तर, ढकलणारे माझ्याकडे ढीगभर आहेत. कुठली गाडी कुठे हलवायची हे सांगणारा एक हवाय."

आज खालून चौथ्यांदा सही मागवली. निरोप साहेबांना गाठेपर्यंत ते आणखी पुढे गेलेले असतात.

दिवसभर नवा तक्ता आखायचा प्रयत्न केला. जमत नाही. तक्त्याला कुठेतरी एक चौकट रिकामी लागते, आणि मी एकही ठेवलेली नाही.

दवाखान्याची तार तुटलीय. वर दोनशेच्या वर जखमी आहेत म्हणे.

रविवार, २८ ऑक्टोबर

सहा वाजले. तक्त्याप्रमाणे पहिल्या चाळीस गाड्या आता दवाखान्यापासून सुटायला हव्यात.

सात.

आठ. कॅप्टन म्हणतो मास्तर, चहा तरी घ्या.

दाढीचा फोन साडेनऊला. वरची एकही गाडी हललेली नाही. शत्रूच्या तोफा रस्त्याच्या टोकाकडे वळल्यात. मी विचारलं, दवाखाना? म्हणाला, दिसत नाही इथून, धूर आहे.

माझी मुलगी तिथे आहे हे मी त्याला आजवर सांगितलं नव्हतं. वशिला वाटेल म्हणून. आज सांगितलं. तो म्हणाला, "आधी सांगायचंत हो. एक गाडी मी कडेला ठेवली असती."

सोमवार, २९ ऑक्टोबर

वरिष्ठांनी कारकूनसाहेबांना परत बोलावलं. सकाळी नऊला एक सुटकेस घेऊन आले. तलवारसाहेब वर जखमी झालेत, खांद्याला. ते अजून वरच आहेत, खाली आणायला गाडी कुठे आहे?

साहेब आमच्या खोलीतच बसले, नळाच्या टेबलाशी. मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. उतरणीचे तास मी काढले. ओळ मी काढली. पान पुरत नव्हतं म्हणून.

त्यांनी चष्मा काढला. "सातवं पान तुम्ही वाचलं होतं?"

"हो साहेब."

"मग चूक माझीही आहे. एवढी मोठी गोष्ट सातव्या पानावर ठेवायची नसते. ती पहिल्या पानावर हवी होती." मग चष्मा परत लावून म्हणाले, "बसा. कोणत्या गाडीत काय आहे ते सांगा. पहिल्यापासून."

त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

साडेचारशेवर गाड्यांची यादी आम्ही तीन तासांत उलगडली. ते एकेका गाडीवर खूण करत गेले. मग दाढीला फोन लावला. मी ऐकत होतो. ज्या माणसाने मागच्या महिन्यात एका हरवलेल्या कांबळ्यासाठी चौकशी बसवली होती, तो शांतपणे सांगत होता, "एक्कावन्न ते त्रेपन्नमधल्या त्रेसष्ट गाड्या दरीत ढकला. हो, मालासकट. कांबळी, तंबू, टेबलं आहेत त्यांत. दारूगोळ्याच्या एकीलाही हात लावू नका. तिथे वळायला जागा होईल. मग जी पहिली गाडी वळेल ती दवाखान्याकडे जाईल. ड्रायव्हर चार दिवस जागे आहेत, बदली माणसं मी चाळीसपर्यंत जीपने आणि पुढे चालत पाठवलीत, दोनपर्यंत पोचतील."

तेव्हा मला समजलं की हा माणूस लढतच होता. पाच महिने रोज. आम्हाला ती लढाई वाटली नाही, कारण तिच्यात कुणी ओरडत नव्हतं.

बुधवार, ३१ ऑक्टोबर

रस्ता मोकळा झाला. काल दुपारपासून जखमी खाली येतायत. मी डेपोच्या फाटकाशी उभा होतो. एकेका गाडीत डोकावून विचारलं, वरच्या दवाखान्याच्या सिस्टर कुठे आहेत? कुणी मागच्या गाडीकडे बोट दाखवायचं. मागच्या गाडीतला त्याच्या मागच्या. कुणी डोळे मिटून पडलेलं. आज सकाळपर्यंत एकशे अठ्ठ्याण्णव आले.

शेवटच्या गाडीत मोठे डॉक्टर होते. त्यांनी मला ओळखलं. कसं ते माहीत नाही. ठमीचं नाक माझ्यासारखं आहे, त्यावरून असेल. ते गाडीतून उतरले, माझ्याकडे आले आणि टोपी काढून उभे राहिले.

गुरुवार, १ नोव्हेंबर

परत येणाऱ्या गाड्यांमध्ये काय आलं याची नोंद आमच्याच विभागात होते. आजची यादी माझ्याच टेबलावर आली. आज फक्त मृतदेह. एकतीस जखमींचे आणि दवाखान्याच्या दोघांचे. एक स्वयंपाकी. एक नर्स.

माझी ठमी गेली. लिहायला बसलोय पण पुढे काय लिहायचं ते सुचत नाही. माझी पोर गेली.

साहेब आत आले. कुणीतरी सांगितलं असावं. म्हणाले, "मास्तर, आज नका." मी म्हटलं, उद्याचा तक्ता पुरा करतो, नाहीतर उद्याच्या गाड्या सुटणार नाहीत. ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि एकेक आकडा मोठ्याने वाचत गेले, म्हणजे मला डोळे पुसत शोधावं लागू नये. मी लिहीत गेलो. दोन तास ते शिकवणीला बसल्यासारखे बसून होते.

रविवार, ११ नोव्हेंबर

तीन तारखेला घरी आलो. आठ दिवस वहीला हात लावला नाही.

मी पोचण्याआधीच हिला ठमीचं कळलेलं होतं. पत्र सरकारी होतं, पण ते येण्याच्या आदल्या दिवशी एक तरुण सैनिक घरी येऊन गेला होता. डावा हात नाही. पहिल्या गाडीतून खाली आलेला. ठमीने त्याच्याकडे आईसाठी चिठ्ठी दिली होती. तो हिच्याकडे दोन तास बसला, आणि हिने त्याला जेवू घातलं.

आज हिने आपणहून ते सांगितलं. आठ दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जरा जीव होता. चिठ्ठी उशीखालून काढून मला वाचायला दिली. "आई, इथे गडबड आहे पण रविवारी आम्ही सगळे खाली येतोय. तक्ता बाबांनीच केलाय, त्यामुळे निश्चिंत राहा. लोकर मिळाली नाही अजून. रागावू नकोस."

"तो सांगत होता," ही म्हणाली, "शुक्रवारी डॉक्टर म्हणत होते, ज्यांना चालता येतं त्यांना पायवाटेने खाली नेऊ, बरोबर सिस्टर जाईल. ठमी म्हणाली, कशाला? जखमा उघडतील. रविवारी गाड्या आहेत, माझ्या बाबांनी शब्द दिलाय. रविवारी पहाटेच तिने सगळ्यांना बाहेर आणून रस्त्याच्या कडेला ओळीने झोपवलं. अंगावर नीट पांघरुणं घालून. सहाला गाड्या येणार म्हणून. साडेनऊपर्यंत ती त्यांना सांगत होती, उशीर झाला असेल, पण येणारच." मग हिने माझ्या हातावर हात ठेवला. "अहो, शेवटपर्यंत केवढा विश्वास होता बघा पोरीचा तुमच्यावर. तेवढंच मनाला बरं वाटतं. घाबरून नाही गेली ती."

मला ते सहन झालं नाही. मी सांगितलं. उतरणीचे तास, परीक्षेची युक्ती, ती ओळ, पाठीवरची थाप. बुधवारी तोंडाशी आलेलं आणि गिळलेलं. काही ठेवलं नाही. मला वाटलं, निदान हिच्याशी तरी खोटं राहू नये.

हिने सगळं ऐकून घेतलं. हात माझ्या हातावरून कधी काढला ते कळलं नाही. चिठ्ठीची घडी घातली. पुन्हा उघडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, "मला कशाला सांगितलंत?"

"तू माझी..."

"एवढं एकच होतं माझ्याकडे, धरून बसायला. तेही घेतलंत."

बुधवार, १४ नोव्हेंबर

तीन दिवस घरात बोलणं नाही. ही वेळेवर ताट वाढते आणि आत जाते. ठमीच्या खोलीचं दार लावून घेतलेलं असतं. मी बाहेर खुर्चीवर बसतो. आत रडण्याचा आवाज येतो तेव्हा उठून दारापर्यंत जातो आणि परत येऊन बसतो. मला आत जायचा हक्क आहे असं वाटत नाही. माझीही मुलगी होती. पण मी कुठे बसून रडू ते कळत नाही.

आज साहेबांचं पत्र आलं, त्यांच्या त्या सुरेख अक्षरात. वर बर्फ पडायला लागलंय. थंडी वाढायच्या आत तीन दवाखाने खाली आणायचे आहेत आणि रस्त्याचा तक्ता करणारं कुणी नाही. "जबरदस्ती नाही," असं लिहिलंय. "पण ही चूक पुन्हा कधीच न करणारा माणूस मला तुमच्याइतका दुसरा माहीत नाही."

पत्र टेबलावर ठेवलं होतं. ताट वाढायला आली तेव्हा हिने ते वाचलं. मी म्हटलं, "नाही जाणार मी. तुला असं एकटीला टाकून..."

ती पत्राकडेच बघत होती. तीन दिवसांनी बोलली.

"जा तुम्ही. तिथे तुमची गरज आहे," ती म्हणाली. "इथे नाही."

मग माझे गरम कपडे कपाटातून काढून खुर्चीवर ठेवले आणि आत गेली. मी बॅग भरतोय. उद्या सकाळी सातची गाडी आहे.